डोहातला डोंगा

त्या जागी जाळे फाटते, एवढेच मामांनी फोनवर सांगितले होते.

लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या आजोळच्या गावाखाली वैनगंगा एका काळ्या खडकाला वळसा घालून पुढे जाते. वळणावर डोह आहे. मे महिन्यात आजूबाजूची नदी रेतीच्या पसाऱ्यात गुडघाभर उरते. पण डोहात पंचवीस-तीस फूट पाणी बाराही महिने असते. लहानपणी आम्हा भाचरांना डोहाकडे फिरकायची बंदी होती. डोहात काय आहे हे कोणी सांगत नसे, त्यामुळे तिथे काहीही असू शकत होते.

मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ नव्हेत. आजोळच्या गावातला आईच्या वयाचा प्रत्येक पुरुष मामाच असतो, तसे हे मामा. जातीने धीवर. साठी उलटलेली. अंगावर मांस कमी आणि छाती मात्र भात्यासारखी. वैनगंगेत मासे धरणे, पावसाळ्यात माणसे पलीकडे पोचवणे आणि रोवणीच्या दिवसांत बायांना डोंग्यातून बांध्यांवर नेणे-आणणे हे त्यांचे आयुष्य. तो डोंगा २०२० च्या ऑगस्टअखेरीच्या महापुरात गेला. त्या वेळी मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटले, इकडे गोसेखुर्दचे तेहतीस दरवाजे उघडले आणि पवनी, लाखांदूर, ब्रह्मपुरी, वडसा अशी सगळी काठची गावे पाण्याखाली आली. घाटावर साखळीने बांधलेला डोंगा रात्रीतून साखळीसकट नाहीसा झाला.

पूर ओसरल्यावर डोहात एका ठरावीक ठिकाणी जाळी अडकू लागली. पूर्वी तिथे काही नव्हते. मामांनी हिशेब मांडला, की आपला डोंगा तिथेच बसला आहे. एकदा बुडी मारून ते हात लावूनही आले होते. "लाकूड आहे," ते म्हणाले, "पन पुरं समजत नाही. तू ते टाकी पाठीवर घेऊन जातेस ना समुद्रात? घेऊन ये."

मी तारकर्लीला डायव्हिंग शिकलो. तिथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडीचे शिक्षण देणारी संस्था आहे. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आणि रंगीत मासे पाहून आलेला माणूस स्वतःला पाणबुडा समजू लागतो, तसा मीही समजत होतो. २०२२ च्या फेब्रुवारीत एका अनुभवी मित्राला बरोबर घेऊन आणि गाडीत हवेने भरलेल्या टाक्या टाकून मी आजोळी पोचलो.

हातच डोळे

नदीत उतरण्यापूर्वी मामांनी दोन गोष्टी विचारल्या. धरणातून पाणी सोडणार आहेत का याची चौकशी केली का, आणि सकाळी काय खाल्ले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी तयार ठेवले होते. दुसऱ्यावर त्यांनी मला पोह्यांची बशी अर्धी ठेवायला लावली.

समुद्रात मी कमरेच्या पट्ट्यात जेवढे शिसे बांधतो त्यातले अडीच किलो काढून ठेवले. खारे पाणी गोड्यापेक्षा शेकडा अडीचच्या आसपास जड असते, त्यामुळे माणसाला ते अधिक उचलून धरते. नदीत तेवढेच शिसे बांधले तर माणूस दगडासारखा खाली जातो. कमरेला दोरी बांधली. दोरीचे दुसरे टोक डोंग्यात बसलेल्या मित्राच्या हाती. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे दोरी सोड, तीन म्हणजे ओढ.

वरून डोह हिरवा दिसतो. पाच फुटांवर तो चहाच्या रंगाचा झाला. दहा फुटांवर मला माझा हात दिसेना. हातातला टॉर्च पेटवला तर गाळाचे कण उजळून समोर पिवळसर भिंत उभी राहिली. विझवला तेव्हा निदान अंधार तरी शांत होता. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो, त्यामुळे तो कोणत्या बाजूने आला हे कानांना उमगत नाही. माझ्या श्वासाचे बुडबुडे, वरच्या डोंग्यावर बांबू आपटल्याचा ठोका, सगळे डोक्याच्या आतच वाजत असल्यासारखे वाटते. कान दुखू लागले की नाक दाबून हवा फुंकायची, पुन्हा दोन हात खाली. सव्वीस फुटांवर पाय रेतीला लागले. तिथे अंगावरचा दाब वरच्यापेक्षा पावणेदोनपट होता.

मी वीस मिनिटे रेती चाचपडत होतो. दगड, फांदी, एक चप्पल. त्यानंतर घोट्याला काहीतरी विळखा पडला. सोडवायला वाकलो तर हातातही तेच. जुने नायलॉनचे जाळे! पाण्यात सुती जाळे कुजून जाते. नायलॉनचे कुजत नाही, मालक विसरून गेला तरी ते आपले काम करीत राहते. अशा वेळी धडपडायचे नाही हे पुस्तकात वाचले होते. पण पुस्तक उजेडात वाचलेले असते. मी धडपडलो आणि जाळे पाठीवरच्या टाकीच्या तोटीपर्यंत चढले. दोरीला हिसके दिले. ते किती दिले हे आज आठवत नाही.

थोड्याच वेळात माझ्या दंडाला एका हाताने घट्ट धरले आणि दुसरा हात माझ्या पायापासून वर सरकत आला. घोटा, गुडघा, कंबर, टाकी. कुठेही घाई नाही. मामांनी तोंडात धरून आणलेल्या विळ्याने चार ठिकाणी जाळे कापले, माझ्या खांद्यावर थोपटले आणि ते वर निघून गेले. ना टाकी, ना मुखवटा. एका श्वासात, डोळे मिटून!

वर आल्यावर मी काही बोलण्याच्या आधीच ते म्हणाले, "डोरे कायले उघडतेस पोरा? पान्यात हातच डोरे असतात."

दुपारी पुन्हा उतरलो, ते मामांच्या पद्धतीने. तळाशी दगड बांधून एक दोर सरळ सोडला, त्याला दुसरी आडवी दोरी बांधली आणि ती ताणून धरत घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरत गेलो. प्रत्येक फेरीला हातभर दोरी वाढवायची. गंमत म्हणजे जगभरचे पाणबुडे अंधाऱ्या पाण्यात असाच शोध घेतात आणि परीक्षेत त्याला गुणही असतात. मामांना ते त्यांच्या वडिलांनी शिकवले होते. मधल्या एका विश्रांतीत ते मला म्हणाले, "खाली आलो की तुह्या टाकीतला एक घोट देजो, म्हंजे जास्त राहता येईल." मी नाही म्हटले आणि त्यांना राग येण्यापूर्वी कारण सांगितले. खोलवर घेतलेली हवा दाबलेली असते. वर येताना ती फुगते. टाकीवाल्याने म्हणूनच सतत श्वास सोडत वर यायचे असते. मामांची जन्माची सवय श्वास कोंडून धरण्याची. सव्वीस फुटांवर घेतलेला एक घोट कोंडून ते वर आले असते, तर वाटेतच फुप्फुस फाटले असते. मामांनी ऐकून घेतले आणि हसले. "म्हंजे फुकटची हवा लय महाग पडते."

चौथ्या फेरीला माझा हात लाकडावर पडला.

लोहाराच्या घरचे खिळे

बुडालेली नाव पहिल्यांदा हाताने पाहताना ती एकदम दिसत नाही. ती वाक्यासारखी उलगडते. आधी एक कड लागली, शेवाळाने बुळबुळीत. कडेकडेने गेलो तर ती आत वळली. म्हणजे हे टोक. खाली फळ्या, दोन फळ्यांच्या सांध्यात बोट घातले तर आतून एक बाम सळसळत निघून गेली आणि माझ्या काळजाचा ठोका चुकला. मागचा अर्धा भाग रेतीत गाडलेला होता. जो उघडा होता तो माझ्या दोन पुरुष लांबीचा भरला. लाकूड नखाने खरवडले तर वरचा पापुद्रा साबणासारखा निघे, पण आत ते टणक होते.

मी वर येऊन सांगितले, डोंगा सापडला. मामा खाली गेले. मिनिटभराने वर आले, दम घेतला, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा वर आल्यावर त्यांनी डोंग्याच्या काठाला धरून बराच वेळ काही सांगितले नाही.

"हा माहा नोहे," ते शेवटी म्हणाले.

त्यांच्या डोंग्याचे खिळे बाजारातले, गोल. याचे चौकोनी आणि रुंद माथ्याचे. "हे लोहाराच्या घरचे खिळे. माह्या बापाच्या टायमाले असे होते." शिवाय यात टोकाजवळ एक आडवी फळी होती. तशी फळी आपल्या घाटावरच्या कोणत्याच डोंग्याला कधी नव्हती, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे महापुराने मामांचा डोंगा आणून ठेवला नव्हता. त्याने डोहाच्या तळाची रेती उपसली होती आणि रेतीखाली कोण जाणे किती वर्षे झोपलेला दुसराच कोणाचा तरी डोंगा उघडा पडला होता.

लाकूड इतके दिवस टिकते कसे, हा प्रश्न वाचकांना पडेल. मलाही पडला होता. समुद्रात बुडालेल्या लाकडी जहाजाचा खरा वैरी म्हणजे तेरेडो नावाचा जीव. दिसायला तो किड्यासारखा, पण खरे तर तिसऱ्यांचा भाऊबंद, शिंपल्याच्या कुळातला. काही वर्षांत तो जहाजाच्या लाकडाची चाळण करून टाकतो. गोड्या पाण्यात तो जगत नाही. त्यामुळेच इटलीतल्या नेमी तलावात रोमन सम्राट कॅलिग्युलाच्या दोन प्रचंड नौका एकोणीसशे वर्षे राहिल्या. १९२८ ते १९३२ या काळात तलावाचे पाणी उपसून त्या बाहेर काढल्या आणि १९४४ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, त्या संग्रहालयातच जळून गेल्या. पाण्याने एकोणीस शतके सांभाळले ते माणसाला बारा वर्षेही सांभाळता आले नाही. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधल्या महासरोवरांत तर अशी हजारो जहाजे आहेत. तिथले पाणी इतके थंड, की काही लाकडी जहाजांच्या डोलकाठ्या अजून उभ्या आहेत.

आपल्या नद्यांत ती थंडी नाही. ऊन पाण्यात बुरशी आणि जंतू लाकूड खातात, पूर फळ्या मोडून नेतो. पण रेतीच्या किंवा चिखलाच्या खोल थराखाली हवा पोचत नाही आणि हवेशिवाय कुजणे जवळजवळ थांबते. आमचा डोंगा पाण्याने नव्हे, रेतीने राखला होता.

वाफेच्या बोटींचे स्वप्न

काठावर बसून भाकरी खाताना मामांच्या मुलाने विचारले, आपल्या नदीत मोठी जहाजे कधी आली होती का? वैनगंगेच्या या पट्ट्यात नाही. पण येण्याचा बेत मात्र झाला होता, आणि तो फार दूर नव्हता.

वैनगंगा पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. धवळेश्वरम येथे गोदावरीवर बंधारा बांधणारे सर आर्थर कॉटन यांची कल्पना अशी, की समुद्रापासून गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या मार्गाने वाफेच्या बोटी वऱ्हाड-नागपूरच्या कापसापर्यंत आणायच्या. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि या कल्पनेला जोर चढला. वाटेत खडकांचे तीन मोठे अडसर होते. पहिला दुम्मागुडेमजवळ, दुसरा इंचमपल्लीजवळ आणि तिसरा प्राणहितेत देवलमरीपाशी, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यात. तिथे कालवे आणि बांध यांचे काम सुरू झाले. पण १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि नदीवाटेचे महत्त्व सरले. १८७१ मध्ये काम सोडून देण्यात आले.

तेव्हापासून नदीचा प्रवास लहान माणसांच्या लहान नावांवर उरला. त्यांची नोंद कोणी ठेवली नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मुरगावजवळच्या सुंची खडकावर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. तोफा, हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात असे बरेच काही मिळाले. ते जहाज मोठे होते, त्यात माल होता. आमच्या डोंग्यात फार तर धानाची पोती असतील, किंवा बाजाराहून परतणारी चार माणसे. पवनीला याच नदीच्या काठी १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन दोन हजार वर्षांपूर्वीचे बौद्ध स्तूप उजेडात आले. तेव्हाची माणसेही नदी ओलांडतच असणार. कशातून, ते मात्र नदीलाच ठाऊक.

बुडालेल्यांच्या मागे

त्या संध्याकाळी मी मामांना विचारले, अंधारात इतके शांत कसे राहता? ते म्हणाले, "मेलेले मानूस शोधतानी घाई करून चालत नाही."

नदीत कोणी बुडाले की गावचा माणूस मामांच्या दारात येतो. मागून पोलीस येतात. मामा विळा आणि दोर घेऊन निघतात. आजवर किती जणांना वर आणले ते त्यांनी मोजलेले नाही. मोजू नये असे त्यांना वाटते. त्याचे पैसेही ते घेत नाहीत. नारळ घेतात आणि तो नदीलाच वाहतात. पोहायला गेलेली पोरे, कपडे धुवायला गेलेल्या बाया, रेती उपशाने पात्रात पडलेल्या खड्ड्यांत गेलेली गुरे वळणारी मुले. एकदा त्यांच्या हाताला बांगड्या लागल्या आणि बांगड्यांवरून त्यांनी ओळखले, की ही आपल्या चुलतभावाची सून. हे सांगताना ते चिलीम भरत होते. चिलीम भरून झाली, पण त्यांनी ती पेटवली नाही.

२३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातल्या गणपूर गावाजवळ वैनगंगेत नाव उलटली. मिरची तोडायला पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात निघालेल्या सहा मजूर स्त्रिया बुडाल्या. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात सापडून सहा जण गेले. दोन्ही ठिकाणी माणसे रोजच्याच नावेत बसलेली. गणपूरची बातमी ऐकून मी मामांना फोन केला. त्यांनी विचारले, "जाकिटं होती का?" पुढे म्हणाले, "आपल्या घाटापासून लांब आहे ते. पन पानी आपल्याच इथून गेलेलं."

पाणी आणखी पुढेही जाते. १५ सप्टेंबर २०१९ रोजी आंध्रात कच्चुलुरूजवळ पूर आलेल्या गोदावरीत 'रॉयल वशिष्ठ' ही पर्यटक बोट बुडाली आणि पन्नासच्या आसपास माणसे दगावली. बोट खोल, ओढीच्या पाण्यात होती. मोठमोठ्या यंत्रणांनी प्रयत्न केले. अखेर ती २२ ऑक्टोबरला वर आली, ती काकिनाड्याच्या धर्माडी सत्यम आणि त्यांच्या स्थानिक सहकाऱ्यांच्या दोर, गळ आणि पाण्याच्या जाणकारीमुळे. त्यांना पाणबुड्यांची साथ होती, पण नदीचा ओढ कुठे वळतो हे त्या काठच्या माणसांना माहीत होते.

आपत्ती निवारणाची पथके येतात आणि चांगले काम करतात. पण नागपूर लाखांदूरपासून शंभरावर किलोमीटर. बुडणाऱ्या माणसापाशी मिनिटे असतात. त्या मिनिटांत जो पाण्यात उडी घेतो तो काठावरचा धीवर असतो, आणि त्याच्यापाशी विळा आणि दोर यांखेरीज काही नसते. अशा माणसांची तालुक्याला यादी असावी, त्यांचा विमा असावा, बुडालेल्याचा श्वास परत कसा आणायचा याचे शिक्षण त्यांना मिळावे, प्रत्येक डोंग्यात माणशी एक जाकीट असावे. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने यंत्राविना चालणाऱ्या नावांचाही विचार केला आहे. तो विचार घाटापर्यंत पोचायला फार खर्च येऊ नये. टाक्या आणि मुखवटे नंतरही आणता येतील. तसाही माझ्या टाकीचा त्या दिवशी काय उपयोग झाला, हे मी वर लिहिलेच आहे.

पांढरा डबा

डोंगा वर काढायचा का, यावर गावात दोन तट पडले. तरुण मुले म्हणाली, ट्रॅक्टर लावून ओढू, देवळापुढे ठेवू. मी त्यांना स्वीडनच्या 'वासा' जहाजाची गोष्ट सांगितली. १६२८ साली पहिल्याच सफरीत बंदरात बुडालेले हे जहाज १९६१ मध्ये वर काढले. पाण्यात मुरलेले लाकूड उघड्यावर वाळले की आक्रसते आणि तडकते. म्हणून त्याच्यावर सतरा वर्षे रसायनांचे फवारे मारावे लागले. आपण देवळापुढे ठेवलेला डोंगा एका उन्हाळ्यात सरपण होईल.

मामांचा प्रश्न वेगळा होता. "त्यात कोनी बसलं असंल तर?" ते म्हणाले. मग कोणीच काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवटची बुडी मारली. डोंग्याभोवतीचे फाटके जाळे कापून वर पाठवले; ते गोणीभर निघाले. नाकाडापाशी रेतीत एक मोठा दगड होता, त्याला दोर बांधला. दोराचे दुसरे टोक मामांनी तेलाच्या पाच लिटरच्या रिकाम्या पांढऱ्या डब्याला बांधून डोहावर सोडले. डबा दिसला की जाळे तिथे टाकायचे नाही, एवढा नियम ठरला. नारळ फोडला. मामांनी त्यातला तुकडा आधी पाण्याला दिला आणि मग मला.

त्यांचा स्वतःचा डोंगा अजून सापडलेला नाही. आता ते पुतण्याच्या डोंग्यात जातात. दर पावसाळ्यानंतर मी फोन करतो आणि डब्याची चौकशी करतो. पुराने दोनदा डबा नेला. दोन्ही वेळा मामांनी बुडी मारून दगड शोधला आणि नवा बांधला. गेल्या खेपेला म्हणाले, रेती पुन्हा चढू लागली आहे, फक्त टोक लागते हाताला.

"म्हणजे पुढल्या साली सापडणार नाही," मी म्हणालो.

"नाही सापडला तं बरंच आहे," मामा म्हणाले. "तरी डबा बांधीन मी."